आकाशातला दगड आणि नातीची ठेव



आजच्या बोलण्याची सुरुवात ठाण्याच्या टेंभी नाक्यावरून करतो. नवरात्रात इथल्या देवीच्या दर्शनाला केवढी रांग लागते, ते तुमच्यापैकी कितीतरी जणींनी पाहिलं असेल. पण हा प्रसंग नवरात्रातला नाही. २०२५ सालचा फेब्रुवारी महिना, माघी पौर्णिमा एक-दोन दिवसांवर आलेली. महिला गटांशी बोलण्यासाठी आम्ही रेडिओच्या तिघीजणी नाक्यावर थांबलो होतो. मुरबाड आणि शहापूरकडच्या काही बाया कोर्ट नाक्याला सरकारी कचेरीत कामाला आल्या होत्या. काम आटोपून त्या चहाला थांबल्या. कर्ज, हप्ते, भाताचा भाव असं बोलणं चाललं होतं. तेवढ्यात त्यांच्यातल्या एका मावशींनी पिशवीतून फोन काढून आमच्यापुढे धरला.

फोनवर व्हॉट्सॲपचा निरोप होता. आकाशातून मोठा दगड येतोय, २२ डिसेंबर २०३२ ला पडणार, आणि ज्या पट्ट्यात पडणार त्यात मुंबईही आहे. खाली आगीच्या गोळ्याचं चित्र.

मावशी म्हणाल्या, "ताई, हे खरं आहे का गं? नातीच्या नावानं दहा वर्षांची ठेव ठेवायला बँकेत जायचं होतं. आता मुलगा म्हणतो, थांब जरा. ठेवू का नको?"

आम्ही पटकन सांगून टाकलं, "मावशी, अफवा आहे. असल्या निरोपांवर विश्वास ठेवू नका."

आठवड्याने मावशींचा फोन आला. "तुम्ही अफवा म्हणालात. बातम्यांत तर सांगतायत की धोका वाढला. तीन टक्के झाला म्हणे." त्यानंतर पुन्हा आठवडाभरात, महाशिवरात्रीच्या तोंडावर, तिसरा फोन. "आता म्हणतात धोकाच नाही. आधी एक, मग तीन, मग शून्य. खोटं कोण बोललं? ते का तुम्ही?"

मैत्रिणींनो, खरं सांगायचं तर चुकलो आम्ही. ती नुसती अफवा नव्हती. दगड खरा होता, तारीख खरी होती, टक्केही खरे होते. आगीचं चित्र तेवढं खोटं होतं. मग हे आकडे का बदलले? ते आधी आम्ही समजून घेतलं आणि आज तुम्हाला सांगायला बसलो आहोत.

संकष्टीचा चंद्र आणि नवा पाहुणा

संकष्टीला आपण चंद्राची वाट बघतो. चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरात छापलेली असते, तीही मिनिटासकट. कॅलेंडर वर्ष सुरू होण्याआधीच घरात आलेलं असतं, तरी चंद्र वेळ चुकवत नाही. डोंगराआडून दिसायला थोडा उशीर होतो, एवढंच.

ही वेळ इतकी नेमकी कशी सांगता येते? कारण माणसं हजारो वर्षं चंद्राकडे बघत आली आहेत. आज तो रोहिणीपाशी दिसला, तर उद्या मृगाकडे सरकलेला असतो, परवा आर्द्रेकडे. सत्तावीस नक्षत्रं फिरून साधारण सत्तावीस दिवसांनी तो पुन्हा रोहिणीपाशी येतो. इतक्या पिढ्यांनी पाहिलं, लिहून ठेवलं, हिशेब जुळवला, तेव्हा कुठे पंचांग तयार झालं. आपल्या ठाण्याचे पंचांगकर्ते दा. कृ. सोमण आकाशातल्या घडामोडींमागचं गणित साध्या मराठीत सांगत आले आहेत. भीती घालवायची तर गणित समजून घ्यावं लागतं.

आता उलटा विचार करा. आकाशात एखादा दगड आज पहिल्यांदाच दिसला. पुन्हा एक-दोन रात्री दिसला. त्याची सात-आठ वर्षांनंतरची जागा मिनिटासकट सांगता येईल का? नाही येणार. त्याचं पंचांग अजून तयार व्हायचं आहे. त्यासाठी त्याला पुन्हा पुन्हा पाहावं लागतं. शास्त्रज्ञांच्या कामातला फार मोठा भाग हाच असतो. नवा दगड शोधणं ही सुरुवात. त्यानंतर जगभरातल्या दुर्बिणी त्याच्या मागावर राहतात. त्या पाठलागाचंच आजचं बोलणं आहे.

ठिपका सरकतो तेव्हा

सूर्याभोवती पृथ्वी फिरते, मंगळ फिरतो, गुरू फिरतो. त्यांच्याबरोबर लहानमोठे असंख्य दगडही फिरत असतात. त्यांना लघुग्रह म्हणतात. बहुतेक लघुग्रह मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात असतात, त्यांचा आपल्याला काही उपद्रव नाही. काहींची वाट मात्र पृथ्वीच्या वाटेजवळून जाते. असे ३५ हजारांहून जास्त दगड आजवर सापडले आहेत.

ते सापडतात कसे? दुर्बिणीने आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळाने तीन-चार फोटो काढतात. तारे सगळ्या फोटोंत एकाच जागी असतात. त्यांच्यात एखादा ठिपका पहिल्या फोटोत इथे, दुसऱ्यात जरा पुढे, तिसऱ्यात आणखी पुढे दिसला, तर तो तारा नव्हे. तो आपल्याच सूर्याच्या अंगणातला कोणीतरी आहे.

पण एवढ्यावरून त्याची वाट कळत नाही. समजा, तुम्ही रिक्षातून टेंभी नाक्यावरून जाताय आणि गर्दीत तुमची मावसबहीण दोन पावलं चालताना दिसली. रिक्षा पुढे गेली. ती कुठे निघाली होती? स्टेशनला? तलावपाळीला? चरईत कोणाकडे? दोन पावलांवरून काय सांगणार! पण पाच मिनिटांनी आणखी कोणी तिला तलावपाळीच्या रस्त्यावर पाहिलं आणि दहा मिनिटांनी तिसरीने तिला तळ्याच्या काठाशी पाहिलं, तर आपण सांगू शकतो. पाहणाऱ्या जेवढ्या जास्त आणि पाहण्यांमध्ये अंतर जेवढं जास्त, तेवढी वाट पक्की.

दगडाचंही असंच. कोणत्या क्षणी तो कोणत्या ताऱ्यांच्या मधोमध दिसला, हे प्रत्येक दुर्बीण मोजते. जगभरातली ही मोजमापं अमेरिकेतल्या केंब्रिज शहरात एका केंद्राकडे जमा होतात. लघुग्रह आणि धूमकेतू या दोघांचंही दप्तर तिथेच आहे. नवा ठिपका आला की केंद्र सगळ्यांना कळवतं, "अमुक ठिकाणी बघा, आम्हाला खात्री करायची आहे." मोठमोठ्या वेधशाळा बघतात आणि आपल्या गच्चीवर दुर्बीण लावून बसणारे हौशी लोकही बघतात. मग अमेरिकेची नासा आणि युरोपची अंतराळ संस्था आपापला हिशेब वेगवेगळा करतात आणि ताळा जुळतो का ते पाहतात. आपल्या गटात एकीने वही लिहायची आणि दुसरीने तपासायची, तशीच ही रीत.

एक, तीन आणि शून्य

आता मावशींच्या प्रश्नाकडे येतो. त्या दगडाचं नाव २०२४ वायआर४. हे नाव वाचायलाही सोपं आहे. पहिला आकडा सालाचा. पुढचं वाय हे अक्षर सांगतं की दगड डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात सापडला. त्यापुढचं आर आणि चार म्हणजे त्या पंधरवड्यातला त्याचा अनुक्रम. थोडक्यात, नावातच जन्मतारखेचा दाखला आहे.

२७ डिसेंबर २०२४ ला दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशातल्या एका दुर्बिणीला तो दिसला. गंमत अशी, की त्याच्या दोनच दिवस आधी तो पृथ्वीजवळून जाऊन पुढे निघाला होता. चंद्र आपल्यापासून जेवढ्या अंतरावर आहे, त्याच्या दुपटीहून थोड्या जास्त अंतरावरून तो गेला होता. पुढच्या काही आठवड्यांच्या पाहण्यांवरून हिशेब निघाला, की २२ डिसेंबर २०३२ ला तो पृथ्वीला धडकण्याची शक्यता एक टक्क्याच्या थोडी वर आहे. हा आकडा जानेवारीच्या अखेरीस जाहीर झाला. १८ फेब्रुवारीला तो ३.१ टक्के झाला, म्हणजे बत्तिसात एक. दुसऱ्या दिवशी तो निम्म्यावर आला. २४ फेब्रुवारीला जवळजवळ शून्य झाला.

आधी चढला आणि मग एकदम उतरला, असं का? यासाठी आपण बकरीची गोष्ट घेऊ.

समजा, तुमच्या वाडीतली बकरी रात्री सुटली आणि पलीकडच्या शेतांत शिरली. एकूण ऐंशी शेतं आहेत, त्यातलं एक तुमचं. बकरी नेमकी तुमच्या शेतात असण्याची शक्यता किती? ऐंशीत एक. मग एक शेजारीण सांगत येते, "वरच्या अंगाच्या शेतांत मी फिरून आले, तिथे नाही." अठ्ठेचाळीस शेतं यादीतून गेली. उरली बत्तीस. तुमचं शेत त्यात आहेच. आता शक्यता झाली बत्तिसात एक. बकरी तुमच्याकडे सरकली का? नाही. ती होती तिथेच आहे. आपली माहिती वाढली, शोधायची जागा कमी झाली, म्हणून तुमच्या शेताचा वाटा वाढला. तेवढ्यात दुसरी शेजारीण ओरडते, "अगं, ओढ्यापलीकडच्या शेतात शेंगा खातेय बघ!" तुमच्या शेताची शक्यता एका क्षणात शून्य.

दगडाचं तसंच झालं. सुरुवातीला २०३२ साली तो कुठे असेल याचा अंदाज म्हणजे एक भलामोठा लांब पट्टा होता, आणि पृथ्वी त्या पट्ट्यात होती. मोजमापं वाढली तसा पट्टा आखूड झाला, तरी पृथ्वी अजून त्यातच होती. म्हणून टक्के चढले. आणखी मोजमापं आली, पट्टा आणखी आखूड झाला आणि पृथ्वी त्याच्या बाहेर पडली. टक्के कोसळले. टक्का चढला तेव्हाही शास्त्रज्ञ खोटं बोलत नव्हते आणि उतरला तेव्हाही नव्हते. त्या त्या दिवशी हातात जेवढी माहिती होती, तेवढ्याचा तो खरा हिशेब होता.

मधे पौर्णिमेनेही खोडा घातला होता. हा दगड साधारण ६० मीटरचा, म्हणजे वीसेक मजली इमारतीएवढा, आणि दिवसेंदिवस दूर चाललेला. इतका मंद ठिपका भर चांदण्यात दिसत नाही. १२ फेब्रुवारीला माघी पौर्णिमा होती. त्या आसपास फारशी मोजमापं मिळालीच नाहीत. चंद्र उतरणीला लागला, रात्री अंधाऱ्या झाल्या, आणि मोठ्या दुर्बिणींना तो पुन्हा नीट सापडला. महाशिवरात्रीच्या आधी उत्तर आलं. मावशींनी आम्हाला नाक्यावर विचारलं, तेव्हा जगातल्या कोणाकडेच पक्कं उत्तर नव्हतं. दोन आठवडे थांबणं हेच त्या दिवशीचं खरं उत्तर होतं आणि आम्ही तेच सांगायला हवं होतं.

हाच दगड चंद्रावर आदळेल का, हा प्रश्न त्यानंतर पुढे आला. २०२५ च्या जूनमधल्या हिशेबात ती शक्यता चार टक्क्यांच्या आसपास होती. बकरीची गोष्ट लक्षात असेल, तर तो आकडा कसा वाचायचा हे आता तुम्हाला कळेल.

पवईची मुलं

हे सगळं परदेशात चालतं, आपल्या लोकांचं त्यात काय, असं वाटेल. तर आता ठाण्याच्या शेजारी पवईला चला. तिथे आयआयटी आहे.

२०२० चा ऑगस्ट. करोनाचे दिवस, गणपती आठवड्यावर आलेले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पालोमार डोंगरावरची एक दुर्बीण रात्रभर आकाशाचे फोटो काढते. त्या फोटोंतून पृथ्वीजवळचे दगड वेचण्याच्या कामात आयआयटी मुंबईचे विद्यार्थीही होते. संगणक आधी फोटो चाळतो, पण शेवटी माणसाची नजर लागते. तांदूळ यंत्रातून आले तरी आपण सुपात घेऊन खडे बघतोच ना! १६ ऑगस्टच्या फोटोंत कुणाल देशमुख या विद्यार्थ्याला एक लांबट रेघ दिसली. फोटो काढेपर्यंत जो ठिपका सरकून रेघ होतो, तो फार वेगाने आणि फार जवळून जात असतो. कृती शर्मा ही आयआयटीचीच विद्यार्थिनी आणि तैवानचे एक संशोधकही या शोधकामात होते. लगेच खबर गेली, आणि दुसऱ्या वेधशाळांनी तो दगड पुन्हा पाहिला.

त्या पाठोपाठच्या पाहण्यांवरून वाट ठरली, आणि मग हिशेब मागे नेता आला. तेव्हा कळलं, की फोटो निघण्याच्या सहा तास आधी, आपल्याकडे सकाळचे साडेनऊ वाजून गेले असताना, तो दगड दक्षिणेकडच्या हिंदी महासागरावरून अवघ्या २,९५० किलोमीटर उंचीवरून निघून गेला होता. मुंबईहून दिल्लीला जाऊन परत यावं, एवढंच हे अंतर! पृथ्वीला न धडकता इतक्या जवळून गेलेला दगड तोवर नोंदलाच गेला नव्हता. आकार तीन ते सहा मीटर, म्हणजे एखाद्या जीपगाडीएवढा. पृथ्वीच्या ओढीने त्याची वाटसुद्धा वाकली. त्याचं नाव २०२० क्यूजी. क्यू म्हणजे ऑगस्टचा दुसरा पंधरवडा, हे आता तुम्हीच सांगाल. तो आदळला असता तरी एवढा लहान दगड बहुधा हवेतच जळून गेला असता.

तो आधी का दिसला नाही? कारण तो सूर्याच्या बाजूने आला. दिवसाच्या उजेडात दुर्बिणी आंधळ्या असतात. उन्हाकडे तोंड करून वाटेवरचं माणूस ओळखता येत नाही, तसं ते आहे.

आयआयटी मुंबई आणि बंगळूरची भारतीय खगोलभौतिकी संस्था यांनी मिळून लडाखमध्ये हानले इथे एक दुर्बीण उभारली आहे. तिचं नाव ग्रोथ-इंडिया. आरसा ७० सेंटिमीटरचा, लग्नघरातल्या मोठ्या परातीएवढा. जागा समुद्रसपाटीपासून साधारण साडेचार हजार मीटर उंच. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, त्याच्या पावणेतीनपट. हवा कोरडी, आकाश काळंभोर. ही दुर्बीण आपली आपण चालते. दुसऱ्यांनी शोधलेल्या गोष्टी पुन्हा पाहणं, हे तिचं मुख्य काम.

भारतात अशी दुर्बीण का हवी? खळ्यावर भात पडलेलं असलं की आपण राखणीच्या पाळ्या लावतो. एकीची पाळी संपली की दुसरी जागी राहते. अमेरिकेत सूर्य उगवला की तिथल्या दुर्बिणी मिटतात. तेव्हा पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला रात्र असते. पाळी भारतासारख्या देशांवर येते. मधल्या तासांत कोणी जागं नसेल तर वेगाने पळणारा दगड हरवतो, आणि एकदा हरवला की पुन्हा सापडणं अवघड.

जुन्या फोटोंतला साक्षीदार

काही वेळा पुढे थांबावं लागत नाही, मागे बघूनही उत्तर मिळतं. २००४ साली अपोफिस नावाचा लघुग्रह सापडला. हा वायआर४ पेक्षा बराच मोठा, तीनशे मीटरच्या वरचा. त्या डिसेंबरात असा हिशेब निघाला होता, की १३ एप्रिल २०२९ ला तो धडकण्याची शक्यता २.७ टक्के आहे. मग शास्त्रज्ञांनी त्याच वर्षीच्या मार्चमधले जुने फोटो उघडले. त्यांत तो ठिपका होता, फक्त तेव्हा कोणाचं लक्ष गेलं नव्हतं. कोणाच्या लग्नाच्या अल्बममध्ये मागच्या रांगेत एखादी अनोळखी पोर उभी असते आणि दहा वर्षांनी कळतं की हीच आपली सून, तसा प्रकार. या जुन्या साक्षीने वाट पक्की झाली आणि २०२९ ची धडक रद्द झाली. त्या दिवशी अपोफिस सुमारे ३२ हजार किलोमीटरवरून जाईल, धडकणार नाही.

पुष्कळ वर्षं पाहून वाट अगदी पक्की झाली की दगडाला कायमचा क्रमांक मिळतो. आपल्या आधार क्रमांकासारखाच समजा. त्यानंतरच त्याला नाव देता येतं. २००६ साली सापडलेल्या एका लघुग्रहाला २०१९ मध्ये गायक पंडित जसराज यांचं नाव मिळालं. त्याचा क्रमांक ३००१२८. पंडितजींचा जन्म २८ जानेवारी १९३० चा. क्रमांकाच्या जोड्या मागून वाचा, जन्मतारीख निघते.

शेंडेनक्षत्राची तऱ्हा वेगळी

धूमकेतू, म्हणजे आपल्या आज्या ज्याला शेंडेनक्षत्र म्हणायच्या, त्याचाही असाच पाठलाग होतो. पण तो जरा लहरी. तो बर्फ आणि धुळीचा गोळा असतो. सूर्याजवळ आला की तापतो, वाफ आणि धूळ उसळते, आणि त्या फवाऱ्याच्या धक्क्याने त्याची वाट किंचित बदलते. म्हणून त्याला येताना, जाताना, मधे मधे पुन्हा मोजावं लागतं.

हॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने १५३१, १६०७ आणि १६८२ सालच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या आणि ओळखलं, की हे तीन धूमकेतू नव्हेत, एकच पुन्हा पुन्हा येतोय. आपल्यातल्या काहींनी त्याला १९८६ साली पाहिलं असेल. आता तो २०६१ मध्ये येईल. तेव्हा आपली नातवंडं त्याला बघतील. त्याच्या येण्याने कोणाचं वाईट होत नाही. ज्याचं वेळापत्रक आधीच छापता येतं, त्याचा अपशकुन कसला?

मग भ्यायचं का नाही?

धोका मुळीच नाही, असं आम्ही म्हणणार नाही. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर आकाशातून पडलेल्या दगडानेच झालं. सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं ते विवर आहे, काळ्या बेसाल्ट दगडात खणलेलं. ३० जून १९०८ ला रशियात सैबेरियातल्या तुंगुस्का भागात एक दगड हवेतच फुटला आणि दोन हजार चौरस किलोमीटरहून जास्त जंगल आडवं झालं. आजच्या ठाणे जिल्ह्याच्या निम्म्याएवढा हा भाग. माणसांची वस्ती तिथे नव्हतीच म्हणावी इतकी विरळ होती.

१५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातच चेल्याबिन्स्क शहरावर साधारण वीस मीटरचा दगड फुटला. सुमारे दीड हजार माणसं जखमी झाली, बहुतेक काचांमुळे. आधी लख्ख उजेड पडला, लोक बघायला खिडक्यांशी गेले, आणि एक-दोन मिनिटांनी हवेचा धक्का आला तशा काचा फुटल्या. म्हणून एवढं ध्यानात ठेवा. आकाशात सूर्यासारखा उजेड एकाएकी चमकला, तर खिडकीशी धावू नका. पोरांना घेऊन काचेपासून लांब, भिंतीच्या आडोशाला बसा. उजेड आधी पोचतो, धक्का मागून येतो.

दुसऱ्या बाजूला दिलासाही आहे. एक किलोमीटरहून मोठे, सगळ्या जगाला हादरवतील असे पृथ्वीजवळचे दगड बहुतेक सगळे सापडले आहेत आणि त्यांतला एकही पुढच्या शंभर वर्षांत आदळणार नाही. १४० मीटरच्या वरचे मात्र निम्म्याहून कमी सापडलेत असा अंदाज आहे. म्हणून शोध चालू आहे, पाठलाग चालू आहे. आणि आधी कळलं तर उपायही आहे. २६ सप्टेंबर २०२२ ला नासाने डायमॉर्फस नावाच्या एका निरुपद्रवी दगडावर मुद्दाम यान आदळवून पाहिलं. तो ज्या मोठ्या दगडाभोवती फिरतो, त्याभोवतीची त्याची फेरी अर्ध्या तासाने कमी झाली. म्हणजे ढकललं तर दगड हलतो. पण ढकलायला कित्येक वर्षं आधी कळायला हवं, आणि ते पुन्हा पुन्हा पाहिल्यानेच कळतं.

तर मैत्रिणींनो, असा निरोप फोनवर आला तर आम्ही केली तशी घाई करू नका. लगेच खोटं म्हणू नका आणि लगेच पुढेही धाडू नका. तीन गोष्टी विचारा. दगडाला नाव आहे का? नाव नसेल तर निरोप सोडून द्या. हा हिशेब कोणत्या तारखेचा आहे? जुना आकडा शिळ्या भाकरीसारखा, तो आजचा म्हणून वाढू नये. आणि किती दिवसांच्या पाहण्यांवरचा हिशेब आहे? दगड नुकताच सापडला असेल तर टक्के बदलणारच, थोडे थांबा. गावात कॉलेजात जाणारी मुलगी असेल तर तिला नासाच्या यादीत ते नाव बघायला सांगा. यादी सगळ्यांना खुली आहे.

आणि एक काम गटाने मिळून करून बघा. येत्या शुक्ल पक्षात चार-पाच संध्याकाळी एकाच वेळी अंगणात जमा. चंद्र कोणत्या ताऱ्याजवळ आहे ते कागदावर काढा, खाली तारीख आणि वेळ लिहा. पहिल्या दोन कागदांवरून पाचव्या दिवशीची जागा ओळखायचा प्रयत्न करा. मग तीन कागदांवरून, मग चार. अंदाज कसा सुधारतो, ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

मावशींना आम्ही हे सगळं फोनवर सांगितलं, बकरीसकट. त्या बराच वेळ ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "बकरी ओढ्यापलीकडे होती तर! मग उद्या सकाळच्या एसटीने बँकेत जाते." ठेव त्यांनी नातीच्या नावाने ठेवली आहे. पावतीचा फोटो आम्हाला त्याच व्हॉट्सॲपवर आला.